आजीची परवा नाही

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

आज संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, बोईसरला, माझ्या पोटच्या मुलीने मला चार माणसांत बडतर्फ केलं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. माझं आयुष्य सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत गेलं, शेवटची वर्षं कोळगावला, अधीक्षक म्हणून. लोकांना कारणे दाखवा नोटिसा काढल्या त्या अशाच – आधी तारीख, मग वेळ, मग कृत्य.

कृत्य – हेमाली म्हणाली, "आई, तू काही दिवस दिशाला शिकवू नकोस. फक्त ये."

फक्त ये! काय म्हणून येऊ? सोफ्यावरची उशी म्हणून?

त्यांची रविवारची बैठक चालली होती. माझी नात शाळेत जात नाही, घरीच शिकते, हे जगाला सांगून माझी जीभ झिजली. त्यात ही बैठक! आई, बाप आणि आठ वर्षांची ती – तिघं गोल करून बसतात आणि 'या आठवड्यात काय ठरवून केलं आणि काय नुसतं सवयीनं' ते एकमेकांना सांगतात. ठरवून जगायचं म्हणे. आमच्या वेळी जगणं दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असायचं, आपण फक्त वेळेवर हजर राहायचं. आज अणुवीज प्रकल्पाच्या कॉलनीतली ती स्नेहा आणि तिचा नवराही आलेले. त्यांचाही मुलगा घरीच शिकतो. म्हणजे साक्षीदार दोन. जावई धरून तीन. ललित चहाच्या कपात बघत राहिला. कप रिकामा होता!

आणि एवढ्यावर थांबलं नाही. बैठकीच्या शेवटी ते पुढच्या आठवड्याचं ठरवतात. भिंतीवर पांढरा फळा आहे, ज्याला जे बदलून हवं असेल ते त्याने त्यावर लिहायचं. दिशाची पाळी आली. स्टुलावर चढली, निळ्या पेनने एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं –

आजीची परवा नाही

मी पर्स उचलली आणि उठले. "आई, अगं थांब तरी!" हेमाली. मी थांबले नाही. दिशा स्टुलावरच, पेन हातात, मान वळवून बघत होती. जिना उतरले, रिक्षा समोरच उभी होती. देव कधीकधी वेळेवर रिक्षा पाठवतो.

आठ वर्षांचं पोर असं आपल्या मनाने लिहीत नाही. घरात जे कानांवर पडतं तेच लिहितं. म्हणजे माझ्यामागे त्या घरात हेच बोललं जातं. आणि वर रफारसुद्धा नाही! 'पर्वा'. व-वर रफार. दोन वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी पालघरहून बोईसरला जाऊन शिकवलं, त्याचं हे फळ – अपमान, तोही अशुद्ध!

हेमालीकडून लेखी खुलासा मागवणार.

सोमवार, १३ ऑक्टोबर

हेमालीचा फोन सकाळी. दुपारी. परत संध्याकाळी. उचलला नाही. तोंडी खुलासा ग्राह्य धरत नाही मी.

नोटिशीचा मसुदा करायला बसले. 'प्रति, सौ. हेमाली' इथपर्यंत झालं. पुढे 'विषय' लिहिलं आणि अडले. विषय काय लिहू? 'आईस शिकवण्यास मनाई केल्याबाबत'? 'नातीच्या मनात विष कालवल्याबाबत'? कचेरीत माझ्या हाताखालची पोरं विषयाची ओळ मला विचारायला यायची. एका ओळीत माणूस उभा आडवा कळला पाहिजे, असं मी त्यांना सांगायचे.

दिशालासुद्धा नोटिशीचा नमुना मीच शिकवला. पावसाळ्यात एकदा. प्रति, विषय, मुदत. तिने बाहुलीला काढली होती – 'विषय – रात्री न झोपल्याबद्दल.' किती हसलो होतो दोघी!

मसुदा अर्धाच राहिला.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

फजिती झाली. कुणाला सांगणार, म्हणून इथे.

सकाळी उठले, अंघोळ, कडक इस्त्रीची साडी. पर्समध्ये लाल पेन, चष्मा, दिशाची राजगिऱ्याची चिक्की. चपला घालून दाराला कुलूप लावताना आठवलं – आज मंगळवार आहे, पण आता माझा मंगळवार नाही.

नेमकी समोरची भाविका दारात. "आन्टी, बोईसर?"

म्हटलं, "नाही, दिशाला सुट्टी आहे."

"घरीच शिकते ना ती? तिला कसली सुट्टी?"

या बाईला दुसऱ्याच्या घराचं वेळापत्रक तोंडपाठ असतं! मी म्हटलं, दिवाळीची. ती म्हणाली, दिवाळीला अजून वेळ आहे. मी म्हटलं, आमच्याकडे लवकर लागते. आणि कुलूप लावलेलं परत उघडून आत आले. तिच्यादेखत. आत येऊन त्या साडीतच खुर्चीत बसून राहिले. जेवायची वेळ झाली तेव्हा चिक्की खाल्ली.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आज ठरवून काय केलं – काही नाही. सवयीनं – सगळं.

(त्यांचा प्रश्न वापरला. कुणाला कळणार आहे!)

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

हेमालीचा मेसेज. दोन ओळींचा. 'आई, तिने लिहिणंच बंद केलंय गं. माझा तुझ्यावर राग नाही, पण हे तू समजून घे.'

मी समजून घ्यायचं! काय ते मांडूनच ठेवते, म्हणजे निकाल देणाऱ्याला सोपं जाईल.

हेमाली दर बुधवारी पोरीला दातिवऱ्याला नेते. माझ्या माहेरी. माझा भाऊ नवशा तिथे आहे, त्याची बोट आहे, भावजय साखरबाई बोंबील सुकवते. तिथे दिशाने काय शिकायचं, तर भरती-ओहोटी, वारा, मासळी, माणसं. 'तिला तिची मुळं कळू देत.' मुळं! त्या वाळूतून बाहेर पडायला मला काय काय करावं लागलं, ते या मुळंवाल्यांना विचारा.

गेल्या महिन्यात दिशाने त्यावर पानभर लिहून आणलं. 'साखरआजी वलांडीवर बोंबील घालते. वलांडी म्हणजे बांबूची लांब काठी हाय. दोन बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवायचे मग ते पडत नाय.' असं सगळं. हाय आणि नाय! मी लाल पेन घेतलं आणि करायचं ते केलं. आहे, नाही, आम्ही, तुम्ही. पान लाल झालं, त्याला मी काय करू? चुका तिच्या होत्या, शाई फक्त माझी.

तिने पान बघितलं आणि विचारलं, "म्हणजे साखरआजी चुकीची बोलते?"

मी म्हटलं, हो.

पुढच्या बुधवारी म्हणे दातिवऱ्याला पोरगी गप्प बसून राहिली. साखरबाई काही विचारायला गेली तर नुसती मान हलवायची. आणि त्यानंतर वहीत एक अक्षर नाही. हे हेमालीचं म्हणणं.

माझं म्हणणं असं. मी तिच्याएवढी होते तेव्हा कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात मला टाकलं. आमच्या दारात मासळी घ्यायला सिस्टर यायच्या, त्यांनी बापाला सांगितलं, ही पोरगी हुशार आहे, द्या आमच्याकडे. तिथे 'हाय' म्हटलं की मुली हसायच्या आणि सिस्टर मला व्हरांड्यात उभं करायच्या. जेवणाच्या वेळीसुद्धा. भूक लागली की माणूस लवकर शुद्ध बोलायला लागतं. मी लागले. म्हणून नोकरी मिळाली, म्हणून खुर्ची मिळाली. त्या व्हरांड्यात दिशाला कुणी उभं करू नये, एवढंच मला हवं आहे.

हेमाली म्हणते, तिला कोण उभं करणार आहे आई? ती शाळेत जातच नाही.

याला उत्तर आहे. ते लेखीच देईन.

रविवार, १९ ऑक्टोबर

साडेपाच वाजले. तिकडे बैठक सुरू झाली असेल.

इथे मीही बसले. गोल करून बसायला माणसं लागतात, म्हणून टेबलाशी बसले. आठवड्यात काय ठरवून केलं? फोन न उचलणं. ते मात्र अगदी ठरवून, नेटाने केलं. आणि सवयीनं? बाजारात गेले तर दिशासाठी खोडरबर घेतला. सुरमईचे दोनच तुकडे मागितले तर कोळीण म्हणाली, "काय बाय, पावने आले नाय वाटतं?" मी म्हटलं, गावाला गेलेत. हल्ली मी सुट्ट्या आणि गावं फार वाटते लोकांना.

एक खरं लिहू? तिथे बोईसरला खिडकी उघडली की कंपन्यांचा औषधासारखा वास येतो, मी दर वेळी नाक मुरडते, दर वेळी बोलून दाखवते. आज तो वास आठवत होते.

मंगळवार, २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

ललित फराळ घेऊन आला. एकटाच. डबा पुढे धरून दारातच उभा.

"आई, आत येऊ का?"

"तुमचंच घर आहे. अजून तरी."

बसला. पाणी प्यायला. या माणसाला बोलायला लावायचं तर खोदकाम करावं लागतं. शेवटी म्हणाला, "दिशाने शंकरपाळे केलेत. वाकडे आहेत."

मी डबा आत नेऊन ठेवला. मग तो म्हणाला, "त्या फळ्यावरचं तिने अजून पुसू दिलं नाहीये. आम्हाला आठवड्याचं लिहायला जागाच नाही. हात लावला की रडते."

बघा! नुसतं लिहून भागलं नाही, पुसूही देत नाही! आणि बाप हे मला दिवाळीच्या दिवशी घरी येऊन सांगतो. मी म्हटलं, "राहू दे. जपून ठेवा. फ्रेम करा." तो बिचारा गोंधळून बघत राहिला. चपला घालताना एवढंच म्हणाला, "भाऊबीजेला आम्ही दातिवऱ्याला जाणार. तुम्ही?"

मी म्हटलं, माझा भाऊ आहे तो. मला विचारता?

शंकरपाळे वाकडे आहेत खरे. एकही चौकोनी नाही. सगळे संपले.

बुधवार, २२ ऑक्टोबर

जाऊ की नको? नवशाला ओवाळायला गेले नाही असं एक वर्ष झालेलं नाही. त्या लोकांसाठी मी माझा भाऊ सोडायचा?

जाणार. पण बोलणार नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

सगळं लिहायचं तर पानं पुरणार नाहीत. जमेल तसं लिहिते.

सफाळ्याला एसटी बदलून दातिवऱ्याला पोचले तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. नवशा नवीन शर्ट घालून पाटावर बसलेलाच. साखरबाई ओरडली, "आली गो बाय! आमी म्हटलं, यंदा साहेबांनी रजा नाय दिली!" मी ओवाळलं. तो म्हणाला, "बाय, वाळलीस गं." मी म्हटलं, तूच बोंबलासारखा झालायस. बरं वाटलं. तिथे कुणी मनाला लावून घेत नाही.

दिशा दिसली नाही. विचारायचं नव्हतं, म्हणून विचारलं नाही. पाणी प्यायला म्हणून मागच्या दारी गेले, तर ती तिथे – वलांडीखाली, वाळूत, गुडघ्यांत तोंड घालून. डोक्यावर बोंबलांच्या रांगा. मला बघून उठली नाही.

"तू उद्या पण नाय आलीस," म्हणाली. "परवा पण नाय आलीस."

मी म्हटलं, "कशाला येऊ? फळ्यावर वाचलं मी."

"मग? वाचलंस तर आलीस का नाय?"

"आजीची पर्वा नाही असं लिहिल्यावर कोण येतं?"

ती तोंड उघडं टाकून बघत राहिली. मग एकदम भडकलीच! माझ्यासारखी भडकते, नाक लाल होतं.

"असं कुठे लिहिलं मी? पूर्ण कुठे वाचलंस तू? मी लिहीत होते ना! आई म्हणालेली, आजीची पाळी परवा. मंगळवारी. म्हणून मी लिहिलं, आजीची परवा नाही, उद्याच. उद्याच लिहीपर्यंत तू गेलीस पण! मी खिडकीतून ओरडले. तुझी रिक्षा गेली."

मी उभीच. वर बोंबील, खाली मी.

परवा. सोमवारनंतरचा मंगळवार. तिने बरोबर लिहिलं होतं. एक अक्षर चुकलं नव्हतं. रफार मी दिला – मनातल्या मनात, न मागता, आणि अर्थातच लाल शाईने. शुद्ध शब्द होता, मी तपासला आणि अशुद्ध केला. आणि मग त्या अशुद्ध शब्दावर अकरा दिवस जेवले नाही धड.

मागून साखरबाई आली, सुपात मासळी. सगळं ऐकलं होतं तिने. "आजी-नात दोघी कागदावरच भांडतात! आमी तोंडावर भांडतो, जेवायला परत एकत्र हाय." आणि दिशाला म्हणाली, "ऊठ गो, आजीला पाट दे. उभी ठेवलीस तिला."

उभी ठेवलीस. त्या दोन शब्दांसरशी तो व्हरांडा आठवला. भूक लागली असेल.

जेवणानंतर हेमाली माझ्या शेजारी येऊन बसली. समोर बोटी. मग म्हणाली, "आई, मी 'फक्त ये' म्हटलं, ते कमी करून नव्हतं म्हटलं."

"मग काय वाढवून म्हटलं होतंस? चार माणसांत?"

"चार माणसांत म्हणायला नको होतं. चुकलं." थोड्या वेळाने – "पण माझ्या लहानपणची तू मला आठवतेस ना, ती नेहमी वही तपासताना. दारातून आत आलीस की पहिलं – दाखव. मी वाट बघायचे, कधीतरी तू फक्त येशील."

मी म्हटलं, नोकरी कोण करणार होतं मग? तुझे वडील आजारी, तुझी फी, माझी बदली! ती म्हणाली, मी कुठे काय म्हणते. मी म्हटलं, म्हणालीस की आत्ता. भांडण मिटलं असं मी लिहिणार नाही, कारण मिटलं नाही. तिने माझ्या पदराला लागलेली वाळू झटकली, एवढं झालं.

तिने एक विचारलं. "आई, हातात पेन नसताना तू दिशाजवळ बसून बघितलंयस कधी?"

मी म्हटलं, एसटीची वेळ झाली.

एसटीत विचार करत होते. पेन नसेल तर हात कुठे ठेवायचे? खरंच माहीत नाही मला. या वयात हे कुणाला विचारायचं?

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

पर्समध्ये एक घडी घातलेला कागद सापडला. दिशाने काल निघताना सारला असणार. वहीचं पान आहे, म्हणजे लिहायला लागली! लाल पेन पर्समध्ये त्याच्या शेजारीच होतं. टोपण काढलं नाही. जसंच्या तसं उतरवून घेते –

'प्रति,
आजी, पालघर.

विषय – माझं वाक्य पुरं व्हायच्या आत निघून गेल्याबद्दल.

तू असं का केलं, आणि लाल पेन घरी ठेवून रोज येशील का, याचा लेखी खुलासा द्यायचा हाय. पोस्टाने चालणार नाय. स्वतः घेऊन यायचा. नाय आलीस तर तुला काही सांगायचं नाय असं समजू.

मुदत – रविवार, संध्याकाळी साडेपाचच्या आत.'